साखर उतरली आणि सुईचं नेढं दिसेना झालं

शिवणवाली_गावभाग — २० नोव्हेंबर, रात्री ११:१०

नमस्कार. मी सांगलीची, गावभागात घरीच शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, लहान मुलींचे परकर-पोलके. वय ४७, त्यातली २४ वर्षं मशीनवर गेली. हे सांगते एवढ्यासाठी की माझं पोट डोळ्यांवर आहे, आणि गेले पंधरा दिवस डोळेच ऐकेनात.

दिवाळीच्या आधीपासून अंगात काही राहिलं नव्हतं. रात्री चार-पाच वेळा उठायचं, घसा कोरडा, माझेच ब्लाउज मला ढगळ व्हायला लागलेले. मी म्हटलं, ऑर्डरींची दगदग. डाव्या हाताच्या बोटात मशीनची सुई घुसली होती, ते तीन आठवडे भरेना, तेव्हा मुलगा धरून दवाखान्यात घेऊन गेला. २७ ऑक्टोबर. साखर उपाशीपोटी २८६, जेवल्यावर ४१२, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी, १२.१. डॉक्टरांनी कागद माझ्यापुढं सरकवला नि म्हणाले, ताई, हे काल-परवाचं नाही, वर्षं झाली असतील.

मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या. मी पण हट्टी. चहातली साखर त्याच दिवशी बंद. भात एक वाटी, बाकी भाकरी. पहाटे घाटापर्यंत चालत जाऊन यायचं, एक दिवस चुकवला नाही. १७ तारखेला उपाशीपोटी १२८, जेवल्यावर १७६. डॉक्टर खूश, मुलगा खूश. रात्रीचं उठणं थांबलं, बोट भरलं.

आता डोळ्यांचं. मला लांबचा चष्मा आहे, दोन्हीकडं उणे दीड. शिवायला बसले की काढून ठेवते, कारण जवळचं उघड्या डोळ्यांनी लख्ख दिसायचं. गल्लीतल्या माझ्या वयाच्या बायका सुईत दोरा ओवून घ्यायला माझ्याकडं यायच्या. गोळ्या सुरू झाल्यावर आठेक दिवसांनी सगळं उलटं झालं. चष्मा न लावता समोरच्या किराणा दुकानाची पाटी वाचता येते, खालच्या फोन नंबरासकट. तो नंबर तिथं आहे हेच मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. आणि हातातली सुई दिसत नाही.

काल रात्री मरून ब्लाउजला हुक लावायला बसले. सुई ट्यूबलाइटपुढं धरली. सुई दिसते, पण कडा कापूस पिंजल्यासारख्या. हात लांब करत गेले, तर हात संपला, नेढं काही उघडेना. दोरा ओठात ओला करून टोकदार केला, अंदाजानं सरकवला, शेजारनं गेला. सात वेळा. आठव्यांदा गेलासा वाटला म्हणून ओढला, तर नुसताच दोरा माझ्या चिमटीत आणि सुई मांडीवर. परवा एक कटोरी उसवताना टाका समजून कापडच कापलं. गिऱ्हाइकाचं कापड. मारुती रोडला त्याच रंगाचा तुकडा शोधत अख्खी दुपार गेली, मिळाला नाही, ६५० रुपये भरून दिले.

मधे ६ नोव्हेंबरला चष्म्याच्या दुकानात जाऊन आले. कुठलं ते सांगत नाही. मशीनवर हनुवटी टेकवली, पाच मिनिटांत नंबर. लांबचा जवळजवळ गेलाय म्हणाला, जवळचा अधिक सव्वा. शुगरचं त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ३२०० रुपये. आठ दिवस बरा चालला. आता त्यातूनही नेढं फुटकं दिसतं.

शेजारच्या काकू म्हणतात, गोळ्या डोळ्यांवर उतरल्या. खरं सांगू, परवापासून संध्याकाळची गोळी मी घेतलेली नाही. घरात कुणाला बोलले नाही. साखर ४०० होती तेव्हा मला दिसत होतं, १२८ झाली तर दिसेना, मग माणसानं काय समजायचं?

गोळ्यांनी असं होतं का? परत चष्मा करू का? डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या लग्नाचे ११ ब्लाउज हातात आहेत. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

---

हिरवी_वाट — २० नोव्हेंबर, रात्री ११:४२

ताई, तुमच्या शरीरानंच उत्तर दिलंय. केमिकल बंद करा. सकाळी अनशापोटी कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड. डोळे आपोआप पूर्ववत होतील.

---

दिवाणजी_यार्ड — २१ नोव्हेंबर, सकाळी ६:२०

ताई, आधी गोळी चालू करा, मग पुढचं वाचा. डॉक्टरांना फोन करून एवढंच सांगा की तीन दिवस चुकली, आजपासून घेतेय. वरच्या साहेबांचं कारलं भाजीत घाला, मला पण आवडतं. शरीरानं उत्तर दिलंय हे त्यांचं खरं आहे, फक्त त्यांनी ते उलटं वाचलंय.

मी मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर दिवाणजी आहे, एकतीस वर्षं. दोन वर्षांमागं फेब्रुवारीत, ऐन आवकेच्या दिवसांत, माझी साखर सापडली. ३४०. मी पण तुमच्यासारखाच, तीन आठवड्यांत दीडशेच्या आत आणून दाखवली. आणि वहीतले आकडे फुटायला लागले. मराठी एक आणि मराठी नऊ, फरक सगळा वाटोळ्याचा नि शेपटीचा. एका शेतकऱ्याच्या विक्रीच्या पट्टीवर ४१ पोत्यांची ४९ झाली. माणूस भला. म्हणाला, दिवाणजी, आठ पोती वर लावलीत, पैसे मला येतील पण नोकरी तुमची जाईल. त्या रात्री मला झोप नाही. एकतीस वर्षांत पहिली खाडाखोड.

मी एक नाही, दोन चष्मे केले. पहिला पंधरवड्यात बाद, दुसरा महिन्यानं. दोन्ही आमच्या देव्हाऱ्याखालच्या खणात आहेत, बायको पाहुण्यांना दाखवते.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी थेंब घालून डोळ्याचा मागचा पडदा तपासला, ठीक निघाला. म्हणाले, दिवाणजी, चष्मा करू नका, डोळ्यांची रोजकीर्द लिहा. मला हे काम समजलं. दर रविवारी सकाळी नऊला खिडकीशी उभा राहायचो, चष्मा न लावता कालनिर्णय हातभर लांब धरायचो, एकेक डोळा झाकून. कुठपर्यंत वाचता आलं ते लिहायचं. पहिल्या रविवारी नुसता तारखेचा मोठा आकडा. तिसऱ्याला उजव्या डोळ्यानं तिथी, डाव्यानं नाही. पाचव्याला दोन्हींनी तिथी, त्याखालचं बारीक नाही. आठव्या रविवारी पूर्वी जेवढं दिसायचं तेवढं. त्यानंतर दोन रविवार जमा-खर्च तोच राहिला, तेव्हा नवा चष्मा केला. तो आजही नाकावर आहे.

या काळात नजर दर आठवड्याला सुधारतच जाईल, असं धरून चालू नका. एका आठवड्यात बरं, दुसऱ्यात मागं, असंही झालं. त्या आठवड्यात पाहुण्यांकडं बासुंदी झाली होती, तो भाग वेगळा.

कारण काय ते मला डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण मी सांगितलं तर घोटाळा होईल. इथं एक विट्याचे चष्मेवाले असतात, ते सांगतील.

---

चष्मेवाला_विटा — २१ नोव्हेंबर, दुपारी २:०५

दिवाणजींनी हाक मारली म्हणून आलो. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळ्यांचा नंबर काढणारा, डोळ्यांचा डॉक्टर नव्हे, हे आधी लक्षात घ्या.

ताई, तासगावचा बेदाणा घरात असेलच. तो दाट पाकात टाकला तर तसाच राहतो. पाकातनं काढून साध्या पाण्यात टाकला की तासाभरात टम्म. आतला गोडवा बाहेरचं पाणी ओढून घेतो. तुमच्या डोळ्यात सध्या हेच चाललंय.

डोळ्यातलं भिंग, म्हणजे लेन्स, तिला रक्तवाहिनी नसते. तिच्याभोवती जे पाणी असतं त्यातनं ती साखर घेते, आणि घेताना इन्सुलिनची वाट बघत नाही. रक्तात ४०० तर भिंगातही भरपूर. त्यातल्या काही साखरेचा तिथं सॉर्बिटॉल नावाचा गोड पदार्थ होतो, आणि सॉर्बिटॉल आत गेलेल्या जावयासारखं, लवकर बाहेर पडत नाही. इतकी वर्षं तुमचं भिंग पाकात मुरलेलं होतं, आत गोड, बाहेर गोड, कसंबसं जमून गेलेलं. तुम्ही तीन आठवड्यांत बाहेरचा पाक पाण्यासारखा केलात. रक्तातली साखर दिवसांत उतरते, भिंगातली उतरायला आठवडे लागतात. तोवर भिंग पाणी ओढतं, आतला रस पातळ होतो, प्रकाश वळवायची त्याची ताकद कमी पडते. नंबर अधिकच्या बाजूला सरकतो.

तुम्ही उणे दीड होता. अधिककडं सरकताना आधी उणे संपलं, म्हणून किराणा दुकानाचा फोन नंबर दिसायला लागला. पुढं सरकलात, तेव्हा जवळचं गेलं. पंचेचाळिशीनंतर भिंगाचा लवचीकपणा तसाही कमी झालेला असतो, आजवर तुमचा उणे नंबर ते झाकून घेत होता. ज्या बायकांना तुम्ही दोरा ओवून देत होता, त्यांच्या रांगेत तुम्ही आता बसलात, एवढंच. आणि चष्मा ६ तारखेच्या डोळ्यांचा होता. २० तारखेचे डोळे वेगळे आहेत.

तेव्हा गोळीचा दोष नाही. इन्सुलिननं साखर उतरवली तरी होतं, नुसत्या पथ्यानं झपाट्यानं उतरवली तरी होतं. बहुतेकांचं महिना-दीड महिन्यात बसतं, काहींना दोन-तीन महिने लागतात. गोळी सोडून साखर परत वर नेलीत तर भिंग परत उलटा प्रवास करणार, मग पुन्हा उतरवाल, पुन्हा हेच. दोरा कधीच ओवला जायचा नाही.

एक घरगुती तपासणी सांगतो, सुई तुमच्याकडं आहेच. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याला जाड सुईनं एक भोक पाडा, साधारण एक मिलीमीटर. एक डोळा झाका, दुसऱ्यासमोर पुठ्ठा धरून भोकातनं बारीक अक्षर बघा, उजेड भरपूर ठेवा. अक्षर स्वच्छ झालं तर घोटाळा नंबराचा आहे. तसंच धूसर राहिलं तर नंबर सोडून दुसरं काहीतरी आहे, मग वाट बघू नका. दोन्ही डोळे वेगवेगळे करा. भिंगाचं हे फुगणं दोन्हीकडं साधारण सारखं असतं, रक्त दोन्हींना एकच. एकाच डोळ्याला कमी दिसत असेल तर ते हे नव्हे.

भोकातनं स्वच्छ दिसलं म्हणून पडद्याची तपासणी टळत नाही. तुमचे डॉक्टर म्हणाले ना, वर्षं झाली असतील. तेवढी वर्षं मागच्या पडद्यालाही लागली आहेत, आणि पडदा बिघडताना सुरुवातीला दुखत नाही, दिसायलाही काही कमी होत नाही. शुगर सापडल्याबरोबर एकदा आणि पुढं दरवर्षी, बाहुली मोठी करून पडदा बघून घ्यायचा. तुम्हाला तर लवकर, कारण साखर एवढ्या झपाट्यानं उतरली की आधीच थोडा खराब असलेला पडदा काही महिने आणखी बिघडलेला दिसू शकतो. अमेरिका नि कॅनडात टाइप १ डायबेटिसच्या, म्हणजे अंगात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही अशा, १४४१ लोकांवर मोठा अभ्यास झाला होता, डीसीसीटी, १९९३ साली छापून आला. त्यात साखर कडक सांभाळणाऱ्यांतल्या काहींना पहिल्या वर्षात असं झालं. पण अभ्यास संपला तेव्हा पडद्यानं खूपच चांगले तेच निघाले. म्हणून उतरवणं थांबवायचं नाही, नजर ठेवायची.

कामापुरतं सांगू? तयार मिळतो तो वाचायचा चष्मा घ्या, अधिक दोनचा, दीड-दोनशे रुपयांत येतो. दुकानातच सुई-दोरा काढून ओवून बघा, लाजू नका. महिन्यानं नको झाला तर सोडून द्या.

---

मिरजेची_लेक — २१ नोव्हेंबर, सायंकाळी ७:३०

वरचं सगळं बरोबर, पण माझं वेगळं ऐकून ठेवा. माझ्या वडिलांनाही असंच कुणीतरी सांगितलं होतं, शुगर उतरतेय, अंधूक दिसणारच, दोन महिन्यांत बसेल. ते बसून राहिले. त्यांना उजव्या डोळ्यापुढं काळे धागे तरंगताना दिसायचे, मग एका सकाळी लाल-काळं पाणी सोडल्यासारखं. ते भिंगाचं नव्हतं, पडद्यावर रक्तस्राव झाला होता. लेझर झाली, डोळ्यात इंजेक्शनं झाली. डावा वाचला, उजव्यानं आता बोटं मोजण्याइतकं.

काळे ठिपके-धागे, वीज चमकल्यासारखं, एका बाजूनं पडदा ओढल्यासारखं, दाराची चौकट वाकडी दिसणं, डोळा लाल होऊन दुखणं, एकाएकी दोन-दोन दिसणं. यातलं एक जरी असलं तर ब्लाउज राहू दे, त्याच दिवशी जा. मिरजेत डोळ्यांची इस्पितळं आहेत, सांगलीच्या सिव्हिलला पण डोळ्यांचा विभाग आहे.

---

शिवणवाली_गावभाग — २१ नोव्हेंबर, रात्री १०:१५

सगळ्यांचे उपकार. गोळी आज घेतली. डॉक्टरांना फोन केला, रागावले नाहीत, पण मुलासमोरच स्पीकरवर बोलले त्यामुळं तो रागावला.

भोकातनं बघितलं! पंचांगातलं बारीक अक्षर दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ. मी ओरडलेच. सासूबाईंना वाटलं सुई टोचली. मग त्यांनीही बघितलं, मुलानंही, घरात खेळ झाला. धागे, वीज वगैरे काही नाही.

एक विचारायचं राहिलं. दुपारी जेवण लांबलं की साडेबाराच्या सुमाराला घाम फुटतो, हात थरथरतात, आणि तेवढ्यापुरतं डोळ्यांपुढं अंधारून येतं. खाल्लं की थांबतं. ते पण भिंगच का?

---

चष्मेवाला_विटा — २१ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नाही. ते अजिबात भिंग नाही, आणि हे आधी सांगायला हवं होतंत. भिंगाचं धूसर दिवसभर एकसारखं असतं, घाम फुटत नाही, खाऊन जात नाही. ही साखर खाली घसरतेय. ग्लिमेपिराइडवर जेवण लांबवायचं नसतं. असं झालं की ग्लुकोमीटर असेल तर बघा, ७० च्या खाली असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात कालवून प्या, पंधरा मिनिटांनी परत बघा, मग जेवा. मीटर नसेल तर आधी साखर, तपासणी नंतर. आणि उद्या सकाळी पहिला फोन डॉक्टरांना, डोस त्यांनाच ठरवू द्या. तुम्ही आपल्या मनानं कमी-जास्त करू नका, ते एकदा झालंय.

---

दिवाणजी_यार्ड — २२ नोव्हेंबर, सकाळी ६:०५

मशीनच्या खणात साखरेची पुडी ठेवा. माझ्या गल्ल्यात असते. पेढीवरचा पोऱ्या खातो, म्हणून दोन ठेवतो.

---

शिवणवाली_गावभाग — २५ नोव्हेंबर, रात्री ९:५०

काल डोळे तपासून आले. मुलानं गाडीवर नेलं, बरं झालं नेलं. दहा-दहा मिनिटांनी थेंब, तीनदा. चुरचुरतं. अर्धा तास डोळे मिटून बाकावर बसायचं. शेजारी कवलापूरच्या एक आजी होत्या, त्या म्हणाल्या, एवढं डोळे मिटून मी लग्नात पण बसले नव्हते. मग डॉक्टरांनी कपाळाला दिवा लावून, भिंग धरून, वर बघा खाली बघा करत मागचं सगळं पाहिलं. बाहेर पडले तर ऊन डोळ्यांत घुसलं, रस्ता पांढराफटक. संध्याकाळपर्यंत ना जवळचं ना लांबचं. कुणी जाणार असेल तर त्या दिवशी काम ठेवू नका आणि गाडी चालवू नका.

पडद्यावर दोन-तीन बारीक लाल ठिपके आहेत म्हणाले, दोन्हीकडं मिळून. आत्ता काही करायचं नाही, साखर-ब्लड प्रेशर सांभाळायचं, चार महिन्यांनी परत दाखवायचं. मी विचारलं, हे आत्ता गोळ्यांनी आले का? म्हणाले, हे तुम्ही न तपासलेल्या वर्षांचे आहेत. मी गप्पच बसले. २०१९ ला पूर आला, त्यानंतर शासनाच्या शिबिरात कुणीतरी रक्त तपासून घ्या म्हणालं होतं, तेव्हा घरातला गाळ काढत होते, राहिलं ते राहिलंच.

नंबर त्यांच्याकडं अधिक सव्वा निघाला, लांबचाच. म्हणजे उणे दीडपासून कुठं आले बघा. कागदावर लिहून दिलंय, पण खाली अक्षरात, चष्मा करू नये.

ग्लिमेपिराइड आमच्या डॉक्टरांनी अर्धी केली. घाम थांबला.

तयार चष्मा घेतला, अधिक दोन, १८० रुपये. दुकानात सुई काढली तर दुकानदार म्हणाला, काकू, इथं शिवायला बसणार काय? तिसऱ्या झटक्याला ओवला. तरी मशीनच्या कामाला तो बरा, टीप सरळ येते. हात-शिलाईला नाही, लगेच डोळे दुखतात. हुक आणि काजं जाऊबाईंकडं दिली, ब्लाउजमागं ४० रुपये. दोरा ओवायची ती पत्र्याची चकती, बारीक तारेची, मुलीच्या शाळेच्या शिवणाच्या डब्यात सापडली. चोवीस वर्षांत मी ती कधी वापरली नव्हती, आमच्याकडं ती नवशिक्यांची समजतात. काळ्या नि मरून कापडाला रात्री हात लावत नाही, ते सकाळी दारात बसून.

आणि दिवाणजी, रोजकीर्द सुरू केली. कालनिर्णय नाही, टेप. मोजमापाची टेप चष्म्याशिवाय हातभर लांब धरायची आणि सेंटीमीटरच्या बाजूच्या बारीक रेषा सुट्या दिसतात का बघायचं. पहिला रविवार: इंचाचे आकडे दिसतात, रेषा म्हणजे नुसता करडा पट्टा.

---

दिवाणजी_यार्ड — २६ नोव्हेंबर, सकाळी ६:१०

टेप पसंत. तारीख आणि वेळ लिहा, उजेड एकच ठेवा. नाहीतर ढगाळ रविवारी उगाच रडाल.

---

शिवणवाली_गावभाग — १४ जानेवारी, सायंकाळी ५:३०

संक्रांतीच्या शुभेच्छा. तिळगूळ वाटला, मी चिमूटभर.

टेपची वही बघून लिहितेय. ७ डिसेंबरपर्यंत काही फरक नाही, करडा पट्टा तो करडा पट्टाच. त्या दिवसांत परत मनात आलं होतं की हे लोक आपल्याला बरं वाटावं म्हणून सांगतात. ११ ब्लाउज गेले, एकाची बाही गिऱ्हाइकानं परत आणली, टाका उसवला होता, तो जाऊबाईंचा होता, पण नाव माझं. १४ डिसेंबरला पाच-पाच मिलीमीटरच्या मोठ्या रेषा सुटल्या. २१ ला अधिक दोनच्या चष्म्यातनं डोकं जड व्हायला लागलं, काढला तर बरं वाटलं. २८ ला उजव्या डोळ्यानं बारीक रेषा, डाव्यानं अर्ध्या. ४ जानेवारीला समोरच्या पाटीवरचा फोन नंबर गेला! इतकी हसले. जुना उणे दीडचा चष्मा लावला तर परत आला.

११ जानेवारीला दोन्ही डोळ्यांनी बारीक रेषा सुट्या, मोजून दहा. सोमवारी नंबर तपासला, उणे सव्वा. म्हणजे ज्या घरातनं निघाले होते त्याच्या दारात परत. तिथल्या बाईंनी सांगितलं, पाव नंबराचा फरक राहील किंवा जाईल.

काल रात्री, संक्रांतीच्या काळ्या साडीवरचा ब्लाउज, काळा दोरा. चष्मा काढून ठेवला. दुसऱ्यांदा गेला. पत्र्याची चकती डब्यातच आहे, टाकली नाही.

काकूंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हणजे गोळ्या उतरल्या होत्या त्या परत चढल्या. जाऊ दे.

आता एकच. तो ३२०० चा चष्मा, फ्रेम चांगली आहे, दोन महिन्यांत आठ दिवस वापरलाय. तीत नुसत्या काचा बदलून मिळतात का, का तो पण देव्हाऱ्याखाली?

---

चष्मेवाला_विटा — १४ जानेवारी, रात्री ८:१५

मिळतात, फ्रेम ढिली नसेल तर त्यातच बसवून घ्या. पण आज नको. तीन महिन्यांची एचबीएवनसी २७ ला होईल ना, ती येऊ द्या. त्यानंतर दोन आठवड्यांच्या अंतरानं नंबर दोनदा काढा, शक्यतो एकाच ठिकाणी, सकाळच्या वेळी. दोन्हीदा तोच आला की काचा टाका. आणि या वेळी शुगरचा कागद त्यांनी मागितला नाही तरी तुम्ही पुढं करा. तोवर लांबचं बघायला जुना उणे दीड चालेल. मार्चअखेर पडद्याची तारीख आहे, ती टेपच्या वहीतच लिहून ठेवा.